पाचवं प्लगिन

‘पाठवा’ दाबण्याआधी ह्यांचा हात थांबतो. टाइप करणं संपतं, उजवा हात माउसवर जातो, आणि तिथून टिक् असा आवाज येईपर्यंत पूर्वी एक सेकंदही जात नसे. आता चार जातात. आमची दोन टेबलं समोरासमोर चिकटून आहेत आणि ह्यांच्या डोक्याच्या वर, मागच्या भिंतीवर, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आहे. त्यामुळे मोजायला मला मुद्दाम काही करावं लागलं नाही. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा दहा दिवस नोंद ठेवली. सरासरी चार पूर्णांक दोन. शेजारी कारण लिहिलं : ‘निर्णय घेण्यास वेळ लागतो.’

आकडा बरोबर होता. कारण चुकलं होतं, आणि ते कळायला मला दीड वर्ष लागलं.

मी एकतीस वर्षं वजनं-मापं तपासायच्या प्रयोगशाळेत काम केलं. औषधांच्या कारखान्यातले, सोनारांचे, टपालखात्याचे तराजू आमच्याकडे तपासणीला यायचे. तराजू एका दिवसात बिघडत नाही. तो हळूहळू सरकतो. शंभर ग्रॅमला थोडं जास्त दाखवतो, सहा महिन्यांनी आणखी थोडं. आम्ही प्रत्येकाचं कार्ड ठेवायचो : दोष काय, कधीपासून, दुरुस्ती किती. किती वजा करायचं हे माहीत असेल तर सरकलेला तराजूही कामाला येतो. वरवर पाहणाऱ्याला तो ठणठणीतच वाटतो.

हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आणि गेली बावीस वर्षं आठ पायांच्या कोळ्यांवरचं एक त्रैमासिक चालवतात. वाचक चारशेच्या आत. त्यातले निम्मे त्यात लिहितात आणि उरलेले निम्मे त्यांच्या चुका काढतात, असं हेच सांगतात. सगळा कारभार मेलवर. तोही घरच्या कॉम्प्युटरवर बसवलेल्या एका जुन्या प्रोग्राममध्ये, कारण बावीस वर्षांची पत्रं त्यातच आहेत आणि ह्यांना ती हाताशी लागतात.

या प्रोग्रामची एक गोष्ट मला पहिल्यापासून आवडली. त्याला मागून तुकडे जोडता येतात. मूळ प्रोग्रामला हात न लावता, जे त्याला येत नाही ते शिकवणारा छोटासा तुकडा आपण लिहायचा आणि अडकवून द्यायचा. त्याला प्लगिन म्हणतात. प्रयोगशाळेत तराजूंचे आकडे कॉम्प्युटरवर उतरवून घेण्यासाठी मला थोडं प्रोग्रामिंग शिकावं लागलं होतं. निवृत्त झाल्यावर ते असं उपयोगी पडलं.

पहिलं प्लगिन ह्यांनीच मागितलं. “अगं प्रयोगशाळा,” हे म्हणाले (मला हे कधीकधी प्रयोगशाळा म्हणतात), “मी ‘सोबत फोटो जोडला आहे’ असं लिहितो आणि फोटो इथेच राहतो. लोक हसतात मला.” मग मी एक तुकडा लिहिला. पत्रात ‘सोबत’ किंवा ‘जोडला’ असा शब्द असेल आणि अटॅचमेंट नसेल, तर तो विचारायचा : ‘काही राहिलं का?’ ह्यांना इतका आनंद झाला की दोन दिवस मुद्दाम विसरून बघत होते.

दुसरं प्लगिन उपसंपादक मुलीची पत्रं निळ्या रंगात दाखवायचं. ही ह्यांची जुनी विद्यार्थिनी. ती दर तीन शब्दांनी स्वल्पविराम देते, म्हणून ह्यांनी तिचं नावच स्वल्पविराम ठेवलंय. तिला ते माहीत आहे. पत्राखाली ती नुसता स्वल्पविराम काढून सही करते.

तिसरं तीन वर्षांपूर्वीचं. एक दिवस हे एका पत्राकडे बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, “हा कोण माणूस? फार सलगीने लिहितोय.” तो माणूस आमच्याकडे दोनदा राहून गेला होता. आठवड्याभरात मी एक पट्टी तयार केली. पत्र उघडलं की वर येणार : ही व्यक्ती कोण, शेवटचं पत्र कधी, कशाबद्दल. “वा! हे आधी का नाही केलंस?” हे म्हणाले. आधी गरज नव्हती, असं म्हणायचं मी गिळलं.

चौथं, ज्या पत्राला उत्तर गेलंय त्याला पुन्हा उत्तर लिहायला घेतलं तर थांबवायचं.

पाचव्याबद्दल मी ह्यांना सांगितलं नाही. त्यात ‘पाठवा’ दाबलं तरी पत्र चाळीस मिनिटं आतच थांबायचं आणि त्याची प्रत माझ्या पडद्यावर यायची. ठीक असेल तर मी काही करायचं नाही, आपोआप जाईल. ठीक नसेल तर मी ते मागे घ्यायचे, एखादं वाक्य बदलायचे, एखादं नाव. मग सोडायचे. नवऱ्याची पत्रं त्याच्या नकळत वाचणं आणि बदलणं याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. पण महिन्याला तीन-चारच बदलावी लागायची. मी स्वतःला सांगायचे, दुरुस्ती अजून लहान आहे.

प्रोग्राममध्ये प्रत्येक प्लगिनच्या नावाखाली वर्णनासाठी जागा असते. लोक ती मोकळी सोडतात. मला मोकळा रकाना बघवत नाही. मी तिथे कार्डासारखंच सगळं लिहिलं : दोष, कधीपासून, दुरुस्ती. ते पान उघडायला चार ठिकाणी क्लिक करावं लागतं. हे तिथे कशाला जातील, असं मी धरून चालले.

त्या मंगळवारी माझी दाढ दुखत होती. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच आहे. अर्ध्या तासाचं काम, म्हणाल्या होत्या. अर्धा तास म्हणजे चाळीस मिनिटांच्या आत. मी हिशेब करूनच घरातून निघाले. दाढेने मात्र दोन तास घेतले.

परत आले तेव्हा माझा अर्धा ओठ बधिर होता आणि हे खुशीत होते.

“बघ, अकरा पत्रं हातावेगळी केली. तू नसलीस की काम होतं.”

“मी अशते तेव्हा मी काय करते?”

“अशते!” हे हसले. “आज तुझं प्लगिन निघालंय वाटतं.”

मी पण हसले, अर्ध्या तोंडाने. मग खुर्चीत बसले आणि माझा पडदा बघितला. एकही प्रत आलेली नव्हती. ह्यांच्या पडद्यावर, कोपऱ्यात, एक करडी चौकट होती : ‘प्रोग्राम अद्ययावत झाला आहे. पाच प्लगिन नव्या आवृत्तीशी जुळत नसल्याने बंद केली आहेत.’

अकरा आठवडे तो प्रोग्राम नवी आवृत्ती घेऊ का म्हणून विचारत होता. नव्या आवृत्तीत माझे जुन्या पद्धतीचे तुकडे चालणार नाहीत हे मला माहीत होतं. म्हणून दर वेळी मी ‘नंतर’ दाबत होते. आज त्याने ह्यांना विचारलं. ह्यांनी ‘ठीक आहे’ दाबलं.

जेवण झाल्यावर हे आत जाऊन पडले. मी ह्यांच्या टेबलाशी बसून गेलेली पत्रं वाचायला घेतली. पहिली सहा चांगली होती. चांगली म्हणजे ह्यांचीच : मिस्कील, नेमकी, शेवटी एखादी शाबासकी. सातवं उघडलं तेवढ्यात फोन वाजला. स्वल्पविराम होती. गाल बधिर होता, म्हणून फोन कानाला न लावता मोठ्या आवाजावर ठेवला.

“काकू, सर जवळ आहेत का?”

“आत पडलेत. बोल.”

“त्या शाळेतल्या बाईंचा फोन आला होता. भिंतीवाल्या.”

त्या बाई मला माहीत होत्या. एका शाळेत विज्ञान शिकवतात. शाळेच्या कुंपणाच्या भिंतीत दोनशे बारा भोकं आहेत आणि कुठल्या भोकात कुठला कोळी राहतो, कधी घर बदलतो, याची त्यांनी चार वर्षं नोंद ठेवली होती. त्या नोंदींवरच्या त्यांच्या लेखावर हे लट्टू झाले होते. महिन्यापूर्वीच स्वीकारला होता, येत्या अंकात पहिलाच होता. बाईंनी काल फक्त फोटोंच्या ओळी दुरुस्त करून लेख पुन्हा पाठवला होता.

“रडत नव्हत्या काकू, तेच जास्त वाईट होतं,” स्वल्पविराम म्हणाली. “म्हणाल्या, मी कुणाचं चोरलं त्याचं नाव तेवढं सांगा.”

सातवं पत्र माझ्यासमोरच होतं. ‘आपला लेख वाचला. आपल्या नोंदी आम्ही याआधीच स्वीकारलेल्या एका लेखाशी इतक्या जुळतात की हा योगायोग मानणं अवघड आहे. छापता येणार नाही.’

याआधी स्वीकारलेला तो लेख त्यांचाच होता. ह्यांच्या लक्षात लेख राहिला होता, अगदी भोकांच्या संख्येसकट. बाई राहिल्या नव्हत्या. वरची पट्टी असती तर हे झालं नसतं.

“काकू? आहात ना?”

“आहे. त्यांना सांग, चूक झाली.”

“कुणाची सांगू?” मग तिने आवाज खाली आणला. “काकू, एक सांगू? गेले तीन अंक सगळी प्रुफं मी दोनदा बघतेय. मागच्या अंकात सरांनी एकच टिपण दोन पानांवर लावलं होतं. मी एक काढलं. बोलले नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही मला का नाही सांगितलंत?”

ह्यांची दुरुस्ती मी एकटीच करतेय असं मी धरून चालले होते. माझ्या कार्डावरचा आकडा निम्माच होता.

“मी सगळी प्लगिनं नव्याने लिहिते,” मी म्हटलं. “बारा दिवस दे.”

“अंक आठ दिवसांनी छपाईला जातोय.”

“मग सात.”

“काकू,” ती म्हणाली, “तासाभरात त्यांना फोन करायचं कबूल केलंय मी.”

फोन ठेवून वर बघितलं तर हे दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

“ऊठ,” हे म्हणाले. “माझी खुर्ची आहे ती.”

मी उठले. हे बसले, सातवं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला. मला वाटलं आता विचारतील, या बाई कोण. त्याऐवजी ह्यांचा हात माउसवर गेला आणि एक, दोन, तीन, चार, कुठेही न अडखळता, चार क्लिक झाले. प्लगिनांचं पान उघडलं. पाचही नावं करडी पडलेली होती. खालची वर्णनं मात्र स्पष्ट वाचता येत होती.

ह्यांनी वर्गात वाचतात तशा आवाजात वाचायला सुरुवात केली. “‘क्रमांक एक. दोष : अटॅचमेंट जोडायचं राहतं. सर्वांचंच राहतं.’ हे तू माझं मन राखायला लिहिलंयस. ‘क्रमांक तीन. दोष : पत्र लिहिणारी व्यक्ती आठवत नाही. दुरुस्ती : ओळख वरच्या पट्टीत.’ ‘क्रमांक पाच. दोष : झालेली चूक स्वतःला दिसत नाही. दुरुस्ती : चाळीस मिनिटं. तपासणार : मी.’” हे थांबले. “सही तेवढी राहिली.”

माझा ओठ आता जागा झाला होता. मी विचारलं, “कधी वाचलंत?”

“पहिल्यांदा? ते मला विचारतेस?” हे हसले. “दीडेक वर्ष झालं असेल. पण रोज वाचतो, म्हणून लक्षात आहे. सकाळी कॉम्प्युटर लावला की आधी हे पान. आपलं काय काय ढिलं झालंय ते इथे नीट लिहिलेलं असतं. बाकी कुणी इतकं स्पष्ट सांगत नाही. सगळे म्हणतात, सर, तब्येत छान दिसते.”

“राग नाही आला?”

“आला की. दोन दिवस तुझ्याशी धड बोललो नाही. तुला वाटलं पोट बिघडलंय. तू मऊ भात घातलास.”

ते मला आठवत होतं.

“मग विचार केला,” हे म्हणाले, “आपण बोललेलं चाळीस मिनिटं मागे घेता येतं, अशी सोय किती लोकांना असते? तेव्हापासून जरा शंका आली की तुझ्याकडे बघतो आणि दाबतो. खुर्चीत आहेस ना, एवढंच बघतो. पडद्याच्या वरून तुझं कपाळ दिसतं. कपाळ दिसलं की दाबतो.”

चार पूर्णांक दोन सेकंद. दीड वर्ष त्या चार सेकंदांत मी घड्याळाकडे बघत होते आणि हे माझ्याकडे.

“आज कपाळ नव्हतं,” मी म्हटलं.

“नव्हतं. पण चाळीस मिनिटं तर आहेत, म्हटलं. येशील तोवर. कोपऱ्यातली चौकट वाचलीच नाही.” ह्यांनी पत्राकडे बोट दाखवलं. “मला ह्या पत्राबद्दल शंका होती गं. काहीतरी खटकत होतं. शंका होती म्हणूनच बिनधास्त पाठवलं. तू बघशीलच म्हणून.”

म्हणजे पाचवं प्लगिन मी लिहिलंच नसतं, तर हे थांबले असते. स्वल्पविरामला विचारलं असतं, नाहीतर पत्र उद्यावर टाकलं असतं. मी ह्यांना पडण्यापासून वाचवायला कठडा लावला होता आणि हे त्याला रेलून उभे राहायला लागले होते. आणि आज कठडा नव्हता.

“मी सात दिवसांत पुन्हा...”

“तुमच्या प्रयोगशाळेत लाल चिठ्ठी असायची ना?” ह्यांनी मला मधेच तोडलं. “कधी लावायचात?”

“दुरुस्ती ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर गेली की. मग तो तराजू वापरातून काढायचा.”

“मग लावताना वाईट वाटायचं?”

“एका तराजूचं वाटलं होतं. फार जुना होता. पितळी. त्याला मी वर्षभर जास्त हिरवी चिठ्ठी लावली. साहेबांनी विचारलं तर म्हटलं, अजून चालतोय.”

“आणि?”

“चालत नव्हता.”

ह्यांनी मान हलवली. फोन जवळ ओढला. मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर सरकवलं : ‘शाळेत विज्ञान शिकवतात. भिंत, २१२ भोकं, चार वर्षं. लेख आपण घेतलाय.’ खाली नंबर. ह्यांनी तो कागद शांतपणे दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “क्रमांक तीन. हाताने लिहिलेलं. नव्या आवृत्तीतही चालतंय.”

बाईंनी फोन लगेच उचलला. ह्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. “बाई, तो दुसरा लेख तुमचाच आहे. तुम्ही कुणाचंही काही घेतलेलं नाही. मला तुमची भिंत लक्षात राहिली आणि तुम्ही राहिला नाहीत. माझं असं व्हायला लागलंय. तुमच्या चार वर्षांवर मी एका वाक्यात शंका घेतली. मला माफ करा.”

पलीकडून बारीक आवाज आला. “म्हणजे, सर, भिंत छापताय?”

“अख्खी. दोनशे बाराच्या दोनशे बारा.”

बाई काहीतरी बोलल्या. ह्यांचे डोळे भरून आले आणि हे म्हणाले, “नाही नाही, सकाळपासून जेवला नाहीत ते आधी जेवा.”

फोन ठेवल्यावर ह्यांनी तळहात टेबलावर सपाट ठेवले. मला पाणी प्यावंसं वाटलं. प्यायले.

“आता स्वल्पविरामला लाव,” हे म्हणाले. “मोठ्या आवाजावर ठेव.”

मी लावला. तिने “हां काकू” म्हटलं आणि ह्यांचा आवाज ऐकून “सर!” म्हटलं. ह्यांनी तिला बाईंशी झालेलं बोलणं सांगितलं. ती इतक्या मोकळेपणाने हसली की मला तिची दया आली. केव्हापासून दम धरून बसली होती.

“आणि ऐक,” हे म्हणाले, “ती तू काढलेली दोन पानांवरची गोष्ट मी दारातून ऐकली. बरं केलंस काढलीस ते.”

“सॉरी, सर.”

“त्यात सॉरी काय? फोन ठेवू नकोस. तुझ्या काकूंना काहीतरी बोलायचंय.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. मी काहीच ठरवलेलं नव्हतं. म्हणजे ठरवलेलं होतं, तीन वर्षांपूर्वीच, ती पट्टी लिहिताना. पण ते मी ह्यांच्याशी किंवा आणखी कुणाशीही बोलले नव्हते. पाच कार्डं लिहिली होती.

“तुम्हीच सांगा ना,” मी हळूच म्हटलं. “तुमचं त्रैमासिक आहे.”

“मी आज सांगेन आणि उद्या सकाळी विसरून अंकाला बसेन. मग तू मला काय सांगणार? पट्टी लावणार?” हे रागावले नव्हते. वर्गात फळ्यापाशी बोलावलेल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसे माझ्याकडे बघत होते, येतंय तुला, बोल, अशा नजरेने. “तराजू कधी स्वतःला चिठ्ठी लावतो का गं? तू लाव. तुझ्या हातची चालेल मला.”

“काकू?” फोनमधून आवाज आला. “काय झालं? ऐकू येतंय ना?”

मी ह्यांच्या टेबलाला वळसा घालून गेले आणि माझ्या खुर्चीत बसले. पडद्याच्या वरून ह्यांचं कपाळ दिसत होतं, आणि खाली डोळे. चार सेकंद गेले असतील. पाचही असतील. या वेळी मी घड्याळ बघितलं नाही.

“येतंय,” मी म्हटलं. “अहो, हा अंक काढा आणि संपादकपद सोडा. पुढचा अंक ती काढेल. आणि सोमवारी आपण डॉक्टरांकडे जाऊ.”